पावसाळ्यात फिगर चिकट होते, जॅकेटचे पोपडे निघतात: नक्की काय बिघडलंय ते कसं ओळखायचं आणि काय करायचं

जुलैचा दुसरा आठवडा आला की माझ्या फोनवर एकच फोटो वेगवेगळ्या लोकांकडून येतो. बारा इंची फिगर, म्हणजे कपडे घातलेला, जमवायचा पुतळा, अंगात काळं जॅकेट, कोपरापाशी पापुद्रा सुटलेला, आणि खाली मेसेज, "दादा हे काय झालं, खोबरेल लावू का?"

नको लावू बाबा. आधी हे वाच, मग काय ते ठरव.

मी डोंबिवलीत राहतो, खाडीच्या बाजूला, घरात चार महिने डब्यातलं मीठसुद्धा पाझरतं. असल्या घरात मी १/६ स्केलच्या साय-फाय फिगर्स जमवतो, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर उंच, शिवलेले कपडे, नखाएवढी बकल्स, बदलायचे हात, हेल्मेटमध्ये लाईट वगैरे. एकेक फिगर चांगल्या फोनच्या किमतीची. घरी मी सांगतो की हे खेळणं नाहीये, पण ड्युटी खेळण्याचीच लागते, आणि खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्युटी २०२० च्या बजेटात २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. त्यामुळे "खराब झाली तर दुसरी घेऊ" हा विषय आपल्याकडे नसतोच, आहे ती सांभाळायची.

माझ्याकडे पहिला झटका बसला तो एका स्पेस पायलटला. २०१७ ला घेतलेला, सहा वर्षं कपाटात, हात कमरेवर ठेवलेली झकास पोझ. एका रविवारी म्हटलं जरा पोझ बदलू, हात सरळ केला आणि कोपरातून चर्र असा बारीक आवाज आला, पापड मोडल्यासारखा. खाली पांढऱ्या शेल्फवर चहापत्ती सांडावी तसे काळे कण. बोट लावलं तर अजून सांडले. जॅकेटच्या आतलं विणलेलं राखाडी कापड दिसायला लागलं. मी हात होता त्याच पोझमध्ये परत ठेवला आणि कपाट बंद केलं, जणू काही झालंच नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार सगळ्यांच्याच मालात होतो.

आता मुद्दा असा की लोक "फिगर खराब झाली" म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगवेगळे रोग असतात आणि तिघांची औषधं वेगळी, एकाचं औषध दुसऱ्याला विष आहे. म्हणून आधी तपासा. पांढरा टिश्यू किंवा कॉटन बड घ्या, जिथे शंका आहे तिथे अगदी हलक्या हाताने टेकवा, घासू नका. टिश्यूवर तेलकट पारदर्शक डाग आला, भजी ठेवलेल्या कागदासारखा, तर ते पीव्हीसीचा घाम. काळे किंवा रंगीत पापुद्रे आले, किंवा पृष्ठभागच गोंदासारखा ओढला जातोय, तर पीयू, म्हणजे जॅकेटचा लेदरसारखा दिसणारा पॉलीयुरेथेनचा थर, कुजतंय. आणि पांढरट, कापसासारखं काही पुसून निघालं आणि कुबट वास आला, तर बुरशी, तिचं टेन्शन सगळ्यात कमी.

पीयूचं आधी सांगतो कारण खरं दुखणं तेच. बॉक्सवर कपड्यांबद्दल कितीही भारी शब्द छापलेले असोत, बहुतेक वेळा ते लेदर नसतं, कापडावर पॉलीयुरेथेनचा पातळ थर असतो. ह्या थराला हवेतलं पाणी खातं. केमिस्ट्रीत हायड्रोलिसिस म्हणतात, पॉलिस्टर जातीच्या पीयूमध्ये ज्या साखळ्या असतात त्यांचे जोड पाण्याने तुटतात, तुटताना ॲसिड तयार होतं आणि ते ॲसिड पुढचे जोड अजून लवकर तोडतं. म्हणजे सुरुवात हळू आणि शेवट एकदम. पाच वर्षं काही दिसत नाही आणि सहाव्या पावसाळ्यात सगळंच सुटतं ते ह्यामुळे. तुमच्या घरात हे आधी झालेलं आहे, आठवून बघा, कपाटात जपून ठेवलेले स्पोर्ट्स शूज लग्नाच्या दिवशी काढले आणि चार पावलांत तळवा हातात आला, किंवा सोफ्याचं आवरण पाठीला चिकटून घरभर फिरायला लागलं. तोच रोग, फक्त इथे तो ३० सेंटिमीटरच्या माणसाला झालाय.

वापरल्याने होतं असं नाही, वय झाल्याने होतं, आणि वय फॅक्टरीतून निघाल्या दिवसापासून मोजायचं. दुसरी एक जात आहे, पॉलिइथर पीयू, ती पाण्याला बरीच टिकते (उजेडाचा तिला जास्त त्रास), पण बॉक्सवर बघून कुठली जात आहे ते कळायला काहीच मार्ग नाही. त्यामुळे सगळंच कुजणारं आहे असं धरून चाला.

माझा एक मित्र नागपूरला असतो, आम्ही दोघांनी तीच पायलटवाली फिगर एकाच ऑर्डरमध्ये मागवली होती. माझ्या जॅकेटचा चिवडा झाला तेव्हा त्याला फोटो टाकला, तर म्हणे, "काय बे, माझं तर अजून कडक आहे." आहेच कडक, मेमध्ये तिकडे हवेत पाणीच नसतं. पण त्याच्या पायलटचे घोटे वाकलेत, कारण ४५ डिग्रीला खोलीत पीव्हीसीचे बूट मऊ पडतात आणि वरचं वजन हळूहळू पुढे झुकतं. आता त्याची फिगर बसस्टॉपवर बस दिसते का बघायला वाकलेल्या माणसासारखी उभी आहे. म्हणजे कोकणात सडतं आणि विदर्भात वितळतं, निवडा काय ते. (वाकलेल्यावर उपाय आहे, कमरेला आधार देणारा स्टँड पहिल्या दिवसापासून लावायचा, "स्टँडशिवाय उभी राहते" ह्याचा अभिमान बाळगायचा नाही.)

तर मग करायचं काय. सुरू झालेलं पीयू परत जोडता येत नाही, हे आधी मान्य करा. जे करायचं ते अजून न सुटलेल्या कपड्यांसाठी, आणि त्यात दोनच गोष्टी हातात आहेत, पाणी आणि घडी.

पाणी म्हणजे कपाटातली ह्युमिडिटी. एक डिजिटल हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र) आणा, स्वस्तातला चालेल, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आधी मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात थेंब थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळलं नाही पाहिजे. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपलॉक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ आला पाहिजे, ओल्या मिठाच्या वरची बंद हवा तेवढ्यावरच थांबते. माझा ६८ दाखवत होता, म्हणजे इतके दिवस मी ७ टक्के खोटं समाधान करून घेत होतो. मग त्याच्या पाठीला चिकटपट्टी लावून "+७" लिहून टाकलं.

कपाटात ४५ ते ५० च्या मध्ये ठेवायचं. त्याच्या फार खाली जाऊ नका, बॉक्सचा पुठ्ठा आणि खरं लेदर असेल तर ते कोरडं पडून तडकतं.

आता सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे खडे. इथे सगळे चुकतात, मी पण चुकलो. मी आधी एक किलो सिलिका कपाटात ओतली आणि चार दिवसांत ती मेली, म्हणजे ओल ओढायची थांबली. म्हटलं माल खराब आहे. मग एकदा बसून हिशोब केला. माझं काचेचं कपाट साधारण पाव घनमीटरचं. ३० डिग्रीला ८५ टक्के ह्युमिडिटी असेल तर एक घनमीटर हवेत २६ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, ५० टक्क्यांना १५ च्या आसपास. म्हणजे माझ्या कपाटातून काढायचं पाणी किती, तर जेमतेम तीन ग्रॅम, अर्धा चमचा! अर्ध्या चमच्यासाठी किलोभर सिलिका का मरते? कारण दाराच्या काचेला बोटभर फट होती आणि दिवसभर बाहेरची हवा आत येत होती, मी कपाट नाही, अख्खी डोंबिवली सुकवत होतो. चाळणीने पाणी भरण्याचा प्रकार.

म्हणून आधी फट बंद करा, सिलिका नंतर. हार्डवेअरच्या दुकानात खिडकीला लावायची फोमची किंवा रबराची पट्टी मिळते, मागून चिकटवायची, तीच दाराच्या चारी बाजूंना लावा, वायर जिथून आत जाते ते भोक पण बुजवा. मी हे केल्यावर त्यातलीच अर्धा किलो सिलिका तीन आठवडे चालली. सिलिका नारिंगी रंगाची घ्या, निळीत कोबाल्ट क्लोराईड असतं आणि ते घरात नकोच. रंग बदलला की ओटीजीमध्ये (घरातला छोटा ओव्हन) ११०-१२० डिग्रीला दोनेक तास, परत ताजी. त्यासाठी वेगळा जुना ट्रे ठेवा, केक त्यात करू नका.

कपड्यांच्या कपाटात ठेवतात ते पाणी गोळा करणारे प्लॅस्टिकचे डबे असतात ना, ते ह्या कपाटात नको. त्यात कॅल्शियम क्लोराईड असतं, पाणी छान ओढतं पण खाली खारं पाणी साचतं, आणि डबा एकदा कलंडला की खालच्या शेल्फवरच्या डायकास्ट, म्हणजे धातूच्या फिगरचं कल्याण. बजेट असेल तर कॅमेरावाले लेन्ससाठी वापरतात तो इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट घ्या, आकडा सेट करायचा आणि विसरायचं. मी अजून पैसे जमवतोय.

आणि एसीबद्दल, रात्री बेडरूममध्ये एसी आणि सकाळी खिडक्या सताड उघड्या, हे फिगरला सगळ्यात वाईट. गार झालेल्या काचेवर बाहेरची दमट हवा येते आणि कपाट आतून-बाहेरून धुरकटतं. खिडकी उघडायच्या आधी तासभर एसी बंद करून खोली नॉर्मलला येऊ द्या.

घडी म्हणजे काय, तर जिथे पीयू दुमडलेलं आणि ताणलेलं असतं तिथूनच सुटायला लागतं. कोपर, गुडघा, काख, कमरेच्या पट्ट्याखाली. त्यामुळे उडी मारतोय, गुडघ्यावर बसून गोळी झाडतोय असल्या पोझ फोटोपुरत्या, फोटो काढला की सरळ उभा. हात अंगापासून थोडा लांब, कोपर किंचित वाकलेलं. बोअरिंग दिसतं, मान्य आहे, पण टिकतं. पीयूला पीयू चिकटून बसतं तिथे, म्हणजे हात आणि छातीच्या मध्ये, बेकिंगचा बटर पेपर कापून सरकवा, विशेषतः फिगर बॉक्समध्ये ठेवणार असाल तर.

आता दुसरा रोग, पीव्हीसीचा घाम, आणि इथे सगळं उलट आहे. बूट, हात, मऊ पट्टे, तोंडावरचे मास्क हे मऊ पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक, त्याला मऊ करायला आत तेलासारखं प्लॅस्टिसायझर मिसळतात, आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू वर येतं, उकाड्यात जास्त. बंद बॉक्समध्ये ते उडून जात नाही, पृष्ठभागावर साचतं, मग त्यावर धूळ बसते आणि बूट हाताला गुळासारखे लागतात. हे कुजणं नाहीये, धुता येतं. हात आणि बूट खुंटीवरून हळूच काढा (घट्ट असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा अर्धा मिनिट, नाहीतर खुंटी मोडेल आणि मग रडाल), कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, लहान मुलाचा टूथब्रश, हलक्या हाताने. गरम पाणी नको, नेलपेंट रिमूव्हर तर अजिबात नको, रंग क्षणात जातो. डोळे फिरवायची यंत्रणा किंवा लाईट असलेलं डोकं पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पूर्ण सुकू द्या, मी एक अख्खा दिवस पंख्याखाली ठेवतो, आणि मगच चढवा, नाहीतर ओले बूट पॅन्टच्या पीयूला पाणी पाजत बसतील.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, हे प्लॅस्टिसायझर शेजारच्या कडक प्लॅस्टिकला खातं. मऊ वायर कडक डब्यावर वर्षभर पडून राहिली की खाली वायरीच्या आकाराचा चर पडतो, पाहिलं असेल. तसंच मऊ बूट कडक बेसवर रुतून बसतात. काचेवर काही होत नाही. बेस प्लॅस्टिकचा असेल तर बुटाखाली पॉलिस्टरची पारदर्शक शीट बुटाच्या मापाने कापून ठेवा, दिसत पण नाही.

इथे शहाणा माणूस विचारेल, की कपाट घट्ट बंद करायचं म्हणता आणि पीव्हीसीला हवा पाहिजे म्हणता, मग नक्की काय? बरोबर प्रश्न. मी जून ते सप्टेंबर बंद ठेवतो आणि ऑक्टोबर हीट सरल्यावर, हवा कोरडी झाली की दर आठवड्याला अर्धा तास दार उघडं. घाम धुता येतो, कुजलेलं परत येत नाही, म्हणून पावसाळ्यात कौल पीयूच्या बाजूने.

बुरशीचं पटकन, बाल्कनीत नेऊन, तोंडाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने झटका, जरा ओलसर फडक्याने पुसा, सुकवा. वास राहिला तर समजा बॉक्समधल्या पुठ्ठ्यात बसलीये, तो आधी उन्हात काढा. फक्त पुठ्ठा, फिगर नाही! पांढऱ्या चिलखतवाल्यांना ऊन लागलं की पिवळे पडतात, केनर कंपनीच्या १९७८ च्या पावणेचार इंची, स्टार वॉर्समधल्या पांढऱ्या सैनिकांपासून ही रडकथा चालू आहे.

आता काय करू नये. खोबरेल, शू पॉलिश, व्हॅसलिन, डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे, हे सगळं लोक करून बसलेत. लेदर कंडिशनर खऱ्या कातड्यात मुरतो, पीयूवर तो नुसता वर बसतो, दोन दिवस चमकतं, वाटतं वा काय उपाय आहे, आणि धूळ चिकटते. आणि आईच्या डांबर गोळ्या. माझ्या आईने प्रेमाने माझ्या बॉक्समध्ये चार गोळ्या टाकल्या होत्या, "कसर लागेल रे." कसर लागली नाही, पण नॅप्थलीन पॉलिस्टायरीन जातीच्या प्लॅस्टिकला मऊ करतं, जिथे गोळी टेकली होती तिथे स्टँडला खळगा पडला. आईला काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर किमतीचा विषय निघाला असता.

बरं, जॅकेट गेलंच असेल तर? थोडंसं सुटलं असेल तर लेदरवर वापरतात तो लवचिक ॲक्रिलिक रंग पातळ करून लावता येतो, शेल्फवर दोन-तीन वर्षं निघतात, पण हात वाकवायचा नाही. जास्त गेलं असेल तर नवीन शिवून घ्या. मी धारावीत लेदरच्या बॅगा शिवणाऱ्या एका कारागिराकडे पायलट घेऊन गेलो. त्याने आधी फिगरकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग विचारलं मुलाचा आहे का. मी हो म्हटलं. (मला मुलगा नाहीये.) मेंढीचं कातडं, ते पण मागून तासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आणलेलं, नाहीतर कॉलर अशी उभी राहते की पायलट ब्लँकेट पांघरून बसलेला वाटतो. मोठी अडचण बटणांची आणि चेनची, सगळ्यात छोटी चेनसुद्धा ह्या मापाला रेल्वेच्या रुळासारखी दिसते, म्हणून चेन खोटी, आतून चुंबकाचे दोन तुकडे. मुख्य म्हणजे जुन्या जॅकेटचे टाके उसवून, तुकडे बटर पेपरवर ठेवून पॅटर्न काढून घ्या, आणि हे जॅकेट पूर्ण भुगा व्हायच्या आधी करा. माझ्या डाव्या बाहीचा पॅटर्न उजव्या बाहीवरून अंदाजाने काढलाय कारण डावी बाही उसवतानाच संपली. कोणाला कळत नाही, मला रोज दिसतं.

सेकंड हँड घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, "सीलबंद, कधीच उघडलं नाही" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर पीयूच्या कपड्यांच्या बाबतीत ती उलट धोक्याची घंटा आहे. सात वर्षं बंद बॉक्समध्ये काय झालं ते विकणाऱ्याला पण माहीत नाही. कधी बनली ते वर्ष विचारा, कुठल्या शहरात होती ते विचारा, आणि कोपर हलकेच वाकवतानाचा व्हिडिओ मागा, आवाजासकट. विकणारा टाळाटाळ करायला लागला की समजून जा. फक्त कापडाचा कॉस्च्युम किंवा कडक चिलखत असलेली फिगर असेल तर ही भीती नाही, मी स्वतः आता तसल्याच घेतो, काळं चकचकीत लेदर दिसलं की हात जोडतो.

आणि एवढं सगळं करताना कपाट उघडलंच आहे तर हेल्मेट आणि छातीतल्या बटण सेल काढून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे. अल्कलाइन सेल पाझरला की पांढरी पावडर कॉन्टॅक्ट खाते. खाल्ली असेल तर कॉटन बडवर व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग सुकवणं. मी काढलेले सेल एका डबीत ठेवतो, डबीवर फिगरचं नाव लिहून, आणि ती डबी कपाटाच्या बाहेर. एलईडी पट्टीचा ॲडॅप्टर पण बाहेर काढा, तो आत तापतो आणि मग नागपूरसारखे घोटे वाकतात.